पुरुषाच्या मापाचा केबल स्वेटर: पीळ सोपा, हिशेब अवघड

केबल विणता येणं वेगळं आणि केबलचा स्वेटर विणता येणं वेगळं. केबल म्हणजे टाके एकमेकांवरून ओलांडून विणलेला पीळ. तीन टाके जादा सुईवर घ्यायचे, पुढे किंवा मागे धरायचे, पुढचे तीन विणायचे, मग धरलेले तीन विणायचे. सुलट-उलट ज्याच्या हातात बसलं आहे त्याला हे एका बैठकीत जमतं. फसतो तो स्वेटर. छातीला आवळतो, खालची कड झालरीसारखी फाकते, मधलं डिझाइन गळ्यापाशी अर्धवट तुटतं, किंवा दोनदा धुतल्यावर बाह्या बोटांवर येतात. यातलं जवळजवळ सगळं पहिला टाका घालायच्या आधीच ठरलेलं असतं, म्हणून या लेखाचा मोठा भाग हिशेबाचा आहे.

पुढचे सगळे आकडे एकाच मापाचे आहेत: छाती १०० सेंमी, तयार स्वेटरचा घेर ११२ सेंमी, उंची ६८ सेंमी. शर्टावरून घालायच्या जाड स्वेटरला १० ते १२ सेंमी मोकळीक हवीच. माप अंगावरून घेतलंत तरी ज्याच्यासाठी विणायचं त्याचा आवडता, नीट बसणारा एखादा स्वेटर सपाट पसरून तोही मोजा. ‘जरा सैल’ या शब्दाचा अर्थ प्रत्येक पुरुषाच्या मनात वेगळा असतो आणि तो विचारून कळत नाही.

लोकर

पीळ उठून दिसायला धागा गोल हवा: तीन किंवा जास्त पदरांचा, नीट वळलेला. एकपदरी सैल लोकर हाताला मऊ लागते, पण तिच्यात पीळ बसका दिसतो आणि काखेत, मनगटाशी लवकर बोंडं धरतात. शुद्ध लोकर किंवा लोकरीचं प्रमाण जास्त असलेलं मिश्रण घ्यावं. पीळ देताना टाके ताणले जातात, आणि ताण गेल्यावर जागेवर परतण्याचा गुण लोकरीत आहे, सुतात नाही. सुती धाग्याचा केबल स्वेटर स्वतःच्याच वजनाने खाली ओघळतो. मशीनमध्ये धुता येणारी सुपरवॉश लोकर चालते, पण धुतल्यावर ती चांगलीच सैलावते, हे धरून चला.

रंग फिका किंवा मध्यम, आणि एकरंगी. पुरुषांसाठी म्हटलं की हात आपोआप काळ्या, नेव्ही ब्ल्यू, गडद चॉकलेटी गुंड्यांकडे जातो. त्या रंगांत सावल्या दिसत नाहीत, आणि केबलमध्ये दिसतात त्या सावल्याच. राखाडी, बदामी, फिकट शेवाळी, निळसर करडा हे रंग घ्या. छटा बदलत जाणारी लोकर या कामाला मुळीच नको. एवढी मेहनत करून शेवटी नुसते पट्टे दिसतात.

जाडी म्हणाल तर ५ मिमीच्या सुईवर, साध्या विणीत, १० सेंमीला १८ टाके आणि २४ ओळी येतील अशी. वेष्टनावर बहुधा ‘अरान’ किंवा ‘१० प्लाय’ लिहिलेलं असतं.

नमुना आणि रुंदी

नेहमीच्या स्वेटरला करतो तसं साध्या विणीचा चौकोन विणून टाके मोजले, तर इथे सरळ फसवणूक होते. पीळ टाक्यांना एकमेकांवर चढवतो, त्यामुळे तेवढेच टाके कमी जागेत मावतात. ही आकसण डिझाइनप्रमाणे, हाताप्रमाणे बदलते. म्हणून नमुना प्रत्यक्ष डिझाइनचाच विणायचा.

आधी पट्ट्यांची मांडणी. मध्ये ३० टाक्यांचं मुख्य डिझाइन, त्याच्या दोन्ही बाजूंना ९ टाक्यांची वेणी, तिच्या बाहेर ६ टाक्यांची साधी केबल, आणि प्रत्येक दोन पट्ट्यांमध्ये २ उलट टाके. बेरीज: ३० अधिक १८ अधिक १२, आणि उलट टाक्यांच्या सहा जागांचे १२, असे ७२ टाके. कडेला साबुदाण्याची वीण (एक सुलट, एक उलट, दाण्यांसारखी दिसणारी), पण दर ओळीला जागा बदलणारी नव्हे, दर दोन ओळींनी बदलणारी. एका ओळीच्या साबुदाण्याच्या ओळी बुटक्या असतात. मधल्या केबलची उंची वाढत जाते, कडा मागे राहतात आणि स्वेटरचा खालचा भाग बाजूंनी वर ओढला जातो.

आयर्लंडच्या पश्चिमेला असलेल्या अरान बेटांच्या स्वेटरांत अशाच पट्ट्या शेजारी शेजारी असतात. तिथे प्रत्येक घराण्याचं डिझाइन ठरलेलं होतं आणि बुडालेला कोळी त्यावरून ओळखू यायचा, ही गोष्ट फार सांगितली जाते. ती विक्रीसाठी पिकवलेली आहे. ही शैलीच विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. तेव्हा पट्ट्या निवडताना परंपरेचं ओझं नको. ओळींचा मेळ बसतो का, एवढंच पाहा. साधी केबल दर ६ ओळींनी वळते, वेणी ८ ओळींत पुरी होते आणि मधलं डिझाइन २४ ओळींत, तर दर २४ ओळींनी तिन्ही एकदम पहिल्या ओळीवर येतात. मधलं डिझाइन २८ ओळींचं घेतलंत तर हाच योग १६८ ओळींनी येईल, म्हणजे अख्ख्या स्वेटरभर कधीच नाही.

नमुन्यासाठी निम्मी मांडणी पुरते: १२ टाके साबुदाणा, मग कडेची केबल, वेणी आणि पूर्ण मधलं डिझाइन, त्यांच्यामधले आणि दोन्ही टोकांचे उलट टाके धरून एकूण ६५ टाके, ४८ ओळी. स्वेटर जसा धुणार तसाच हा तुकडा धुवा, सपाट वाळवा, आणि मग केबलचा भाग व साबुदाण्याचा भाग वेगवेगळा मोजा. समजा केबलच्या भागात १० सेंमीला २४ टाके आले, साबुदाण्यात १८, आणि ओळी दोन्हीकडे २५.

आता पाठीचा भाग ५६ सेंमी हवा. केबलचे ७२ टाके ३० सेंमी घेतात. उरले २६, म्हणजे प्रत्येक बाजूला १३ सेंमी. त्याचे २३ टाके आणि शिवणीचा १, असे २४. एकूण १२० टाके.

हेच साध्या विणीच्या मापाने केलं असतं तर ५६ सेंमीला १०१ टाके निघाले असते. त्यातले ७२ केबलमध्ये जाऊन ३० सेंमी झाले असते, उरलेल्या २९ चे जेमतेम १६. म्हणजे ४६ सेंमीचा भाग आणि ९२ सेंमीचा घेर, छाती १०० असताना. ‘लोकर आटली’ म्हणून जे सांगितलं जातं, त्यातलं बरंच हे असतं.

लोकर किती लागेल तेही हाच तुकडा सांगतो. तो साधारण २९ बाय १९ सेंमीचा होतो. वजन ५५ ग्रॅम भरलं तर चौरस सेंमीला ०.१ ग्रॅम. या मापाच्या स्वेटरचं क्षेत्रफळ बाह्यांसकट ११,००० चौरस सेंमीच्या आसपास जातं, म्हणजे ११०० ग्रॅम. वर दहा टक्के धरून १२०० ते १२५० ग्रॅम घ्या, एकाच रंग-लॉटची, म्हणजे एकाच वेळी रंगवलेली. लॉट वेगळे मिळाले तर दोन्ही गुंडे दोन-दोन ओळी आलटून पालटून वापरायचे, नाहीतर फरकाची रेघ छातीवरच उमटते.

बॉर्डर

बॉर्डर ४ मिमीच्या सुईवर, दोन सुलट दोन उलट, ७ सेंमी. टाके मात्र १२० नव्हे, १०४ घाला: दोन्ही कडांना शिवणीचा एकेक आणि मध्ये १०२, म्हणजे सुरुवात आणि शेवट दोन्ही सुलट जोडीने होतात. बॉर्डरमध्ये पीळ नसतो, त्यामुळे तिथे केबलइतके टाके घातले तर कड फाकते. उरलेले १६ टाके बॉर्डरच्या शेवटच्या ओळीत वाढवायचे, आणि तेही सगळीकडे सारखे पसरून नाही. केबल जिथे येणार तिथेच: मधल्या डिझाइनखाली ६, प्रत्येक वेणीखाली ३, प्रत्येक साध्या केबलखाली २. पिळाने जेवढं आत ओढलं जाणार, तेवढं आधीच भरून दिल्यासारखं होतं.

वर खांद्याला याच्या उलट. टाके बंद करताना केबलवर दोन-दोन टाके एकत्र घेत बंद करा. सहाचे चार, नऊचे सहा. असं न केल्यास खांद्याची शिवण लाटा धरते.

उंची आणि गळा

उंची टेपने न मोजता ओळींनी मोजावी. पुढचा आणि मागचा भाग शिवताना ओळीला ओळ लागते, सेंटिमीटरला सेंटिमीटर नाही.

बॉर्डरच्या वर ६१ सेंमी, म्हणजे १५२ ओळी. त्यातल्या ९२ मुंढ्यापर्यंत, ६० मुंढ्याच्या. मुंढ्याला प्रत्येक बाजूचे ५ टाके बंद करा आणि मग एक ओळ सोडून एक टाका असे ६ वेळा कमी करा. राहिले ९८. कमी झालेले सगळे टाके साबुदाण्यातले आहेत, केबलला धक्का लागलेला नाही. मांडणी करताना कडेला साबुदाणा ठेवण्याचं खरं कारण हेच.

पुढचा गळा ८ सेंमी खोल, म्हणजे २० ओळी. तो १३२ ओळींनंतर सुरू होतो. १३२ ला २४ ने भागलं तर साडेपाच. चार्टच्या, म्हणजे डिझाइनच्या चौकटींवरच्या आराखड्याच्या, पहिल्या ओळीपासून सुरुवात केली तर मधलं डिझाइन बरोबर हनुवटीखाली अर्ध्यात तुटेल. म्हणून सुरुवात १३ व्या ओळीपासून करायची: १२ ओळींचा अर्धा भाग बॉर्डरलगत जातो, तिथे कुणाचं लक्ष नसतं, आणि वर पाच पूर्ण डिझाइनं होऊन गळा सुरू होतो. पाठ, पुढचा भाग दोन्ही १३ व्या ओळीपासूनच. नाहीतर दोन्ही भागांतलं डिझाइन एका ओळीत येत नाही.

गळ्याला मधले २० टाके बंद, मग प्रत्येक बाजूला एक ओळ सोडून ३, २, २ आणि चार वेळा १. अशा ११ टाक्यांत १४ ओळी जातात, उरलेल्या ६ सरळ. खांद्याला प्रत्येकी २८ टाके राहतात. इथे गळ्याची रेघ वेणीतून जाते, तिच्या ९ पैकी ५ टाके खांद्याकडे उरतात. पिळाला सहा टाके पुरेनासे झाले की तिथे पीळ देणं थांबवा आणि ते टाके सुलट विणा. उरलेल्या पाचांत ओढूनताणून पीळ घातला तर गळ्याच्या कडेला गाठ उभी राहते, आणि ती गळपट्टीखाली लपत नाही.

प्रत्यक्ष विणताना

जादा सुई पुढे धरली तर केबल डावीकडे झुकते, मागे धरली तर उजवीकडे. उजव्या अंगाची केबल आणि डाव्या अंगाची केबल एकमेकींच्या आरशातल्या हव्यात. चार्टवर डावे पीळ एका रंगाने, उजवे दुसऱ्याने भरून घ्या. चालू ओळ दाखवणारी कागदाची पट्टी ओळीच्या खाली न लावता वर लावा, म्हणजे झालेला भाग चार्टवर उघडा राहतो आणि हातातल्या विणीशी ताडता येतो. उलट बाजूच्या ओळीत पीळ नसतो. दिसतील तसे टाके विणायचे, साबुदाणा तेवढा सांभाळायचा.

जादा सुई मुख्य सुईपेक्षा किंचित बारीक आणि शक्यतो लाकडी किंवा बांबूची घ्या, टाके घसरत नाहीत. सुईशिवाय, टाके चिमटीत धरून पीळ देण्याची पद्धत दोन टाक्यांपुरती आणि खरबरीत लोकरीपुरती ठीक. तिनावर तीन टाके आणि गुळगुळीत धागा असेल तर त्या वाटेला जाऊ नये.

केबलच्या डाव्या कडेचा शेवटचा सुलट टाका ढगळ दिसतो ही तक्रार सगळ्यांची असते. तो हाताचा दोष नाही. सुलटवरून उलटवर जाताना धागा सुयांमधून पुढे आणावा लागतो, तेवढा जास्तीचा धागा मागच्या सुलट टाक्यात शिरतो. पहिला उलट टाका घट्ट ओढून फारसा फरक पडत नाही. त्याऐवजी तो उलट टाका विणताना धागा नेहमीसारखा सुईच्या वरून न घेता खालून घ्या. वाट आखूड होते, धागा कमी लागतो. असा टाका सुईवर उलट्या बाजूने बसतो, म्हणून परतीच्या ओळीत तो मागच्या पायातून (फासाच्या सुईमागच्या बाजूतून) विणायचा, नाहीतर त्याला पीळ बसतो. पहिल्या दहा-बारा ओळींत फरक डोळ्यांना दिसतो.

किती ओळींपूर्वी पीळ दिला होता हे विसरलात तर पिळाच्या डाव्या कडेच्या फटीत मागून बोट घाला. फटीवरून जाणारे आडवे धागे दिसतील. पिळानंतरची एक ओळ म्हणजे एक धागा.

चुकीच्या दिशेने वळलेली केबल सात-आठ ओळी वर गेल्यावर दिसते. अख्खा भाग उसवायची गरज नाही. त्या सहा टाक्यांपर्यंत विणत या, फक्त ते सहा सुईवरून उतरवा आणि पिळाच्या ओळीसकट खालपर्यंत सोडा. मोकळे झालेले सहा टाके दोन टोकांच्या छोट्या सुईवर घ्या. वर एकेका ओळीचा आडवा धागा सैल लोंबत असेल. सगळ्यात खालचा धागा घेऊन पीळ योग्य दिशेला द्या आणि त्याच धाग्याने सहा टाके सुलट विणा. मग टाके सुईच्या उजव्या टोकाला सरकवून पुढचा धागा, पुन्हा सुलट. चुकून धाग्यांचा क्रम बदलला तर वर जाऊन एक ओळ ताठ आणि एक लोंबती राहते, म्हणून प्रत्येक धागा उचलताना तो खरोखर सगळ्यात खालचा आहे ना हे पाहा. शेवटी पहिले-शेवटचे टाके घट्ट आणि मधले सैल वाटतील. सुईच्या टोकाने धागा इकडचा तिकडे सरकवला की धुतल्यावर समजतही नाही. मधल्या ३० टाक्यांच्या डिझाइनमध्ये मात्र केबल तिरकी फिरत असते, तिथे ही दुरुस्ती किचकट होते. त्यासाठी दर २४ ओळींनी सगळ्या टाक्यांतून वेगळ्या रंगाचा बारीक सुती दोरा ओवून ठेवावा. उसवलंच, तर वीण त्या दोऱ्यावर येऊन थांबते.

नवा गुंडा नेहमी कडेला जोडा. केबलच्या मधोमध जोडलेली टोकं कितीही लपवली तरी पिळाची जाडी वाढवतात.

बाह्या

दोन्ही बाह्या एकाच लांब गोल सुईवर, दोन गुंड्यांनी बरोबरच विणाव्यात. वाढवलेले टाके आणि पीळ आपोआप सारखे येतात. मध्ये वेणी, दोन्ही बाजूंना साधी केबल, उलट टाके धरून २९ टाके. बॉर्डरच्या वर कडेला बारा-बारा टाके साबुदाणा, एकूण ५३. दर सहाव्या ओळीला दोन्ही कडांना एकेक, असे १५ वेळा वाढवत ८३ वर जा. रुंदी ४२ सेंमी होते. मुंढ्यापर्यंत बॉर्डरवर १०० ओळी. वाढीच्या ९० ओळींनंतरच्या १० सरळ. बाही वजनाने खाली उतरते, त्यामुळे अंगावर मोजलेल्या लांबीपेक्षा दीड-दोन सेंमी आखूडच ठेवा. बाहीच्या डोक्याची उंची मुंढ्याच्या खोलीच्या साधारण दोन-तृतीयांश.

जोडणी आणि धुणं

शिवण्याआधी सगळे भाग कोमट पाण्यात भिजवून, टॉवेलमध्ये दाबून, मापात पसरून वाळवा. पिळू नका. वरून इस्त्री दाबली तर एवढ्या कष्टाने उठवलेले पीळ सपाट होतात. फारच वाटलं तर वाफ वरून, न टेकवता. ॲक्रिलिकला तीही नको, धागा कायमचा लुळा पडतो. जाड केबल आतून ओली राहते, म्हणून वरून कोरडं लागलं तरी उलटून आणखी एक दिवस ठेवा.

हा स्वेटर बिनशिवणीचा, गोल विणता येतो, आणि ते सोयीचंही आहे. तरी किलोभराहून जड कपड्याला शिवणींचा आधार लागतो. खांदे आणि बाजू शिवलेला स्वेटर वर्षांनंतरही आकारात राहतो. खांद्याची शिवण न ताणणारी, पक्की घ्या. हवं तर आतून शिवणीलगत एक सुती फीत टाचा.

गळपट्टीला पाठीकडून ३४, पुढून मधले १६ आणि दोन्ही बाजूंनी २३-२३, असे ९६ टाके उचला. पाठीचे ४२ टाके बंद केलेले असताना ३४ च उचलायचे, कारण तिथे केबल आहे आणि टाके दाटलेले आहेत. सगळे उचलले तर पट्टी मानेमागे उभी न राहता फाकते. ४ मिमीच्या सुईवर दोन सुलट दोन उलट, अडीच सेंमी, आणि टाके सैल हाताने बंद. धागा कापण्याआधी स्वेटर डोक्यातून घालून बघा. पुरुषाच्या डोक्याचा घेर साधारण ५६-६० सेंमी असतो आणि बंद केलेली कड तेवढी ताणली गेली पाहिजे. अडकत असेल तर फक्त ती एक ओळ उसवून एक नंबर जाड सुईने पुन्हा बंद करा.

घडी घालूनच ठेवा. हँगरवर टांगला तर महिनाभरात खांद्यांना टोकं येतात आणि उंची वाढते.